विद्यापीठाचा रेडिओ कोणासाठी असतो?

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या राजधानीत, मॅडिसन येथे असलेले विस्कॉन्सिन विद्यापीठ गेली शंभराहून अधिक वर्षे स्वतःचे रेडिओ केंद्र चालवत आहे, असा एका ओळीचा उल्लेख या सदरात मागे आला होता. त्या एका ओळीवर एवढी पत्रे आली की या खेपेचे सदर त्याच विषयाला द्यावे, असे वाटले. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : माझा मुलगा मॅडिसनला राहतो. त्याच्याकडे गेले असताना मोटारीतल्या रेडिओवर ‘ही विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाची आणि राज्याच्या शैक्षणिक संप्रेषण मंडळाची सेवा आहे’ अशा अर्थाची घोषणा वारंवार कानी येई. हे रेडिओ केंद्र खासगी समजावे की सरकारी? ते आपल्या आकाशवाणीसारखे आहे काय? (एक निवृत्त शिक्षिका, सांगली)

उत्तर : आपण ऐकलेली घोषणा शब्दशः खरी आहे आणि उत्तरही तिच्यातच आहे. आकाशवाणी ही एक देशव्यापी संस्था असून तिची केंद्रे गावोगावी आहेत; अमेरिकेत मात्र देशांतर्गत श्रोत्यांसाठी केंद्र सरकार स्वतः रेडिओ चालवत नाही. तेथे प्रत्येक केंद्राचा परवाना कोणत्या तरी स्थानिक संस्थेच्या नावावर असतो आणि सार्वजनिक रेडिओच्या बाबतीत ती संस्था पुष्कळदा विद्यापीठ असते. मॅडिसनच्या ९७० किलोहर्ट्झवरील ‘डब्ल्यूएचए’ या केंद्राचा परवाना विद्यापीठाच्या नियामक मंडळाकडे आहे, तर राज्यभरातील इतर कित्येक प्रक्षेपकांचे परवाने आपण उल्लेखिलेल्या मंडळाकडे आहेत. दोघांनी मिळून चालवलेल्या तीसहून अधिक केंद्रांच्या जाळ्याला विस्कॉन्सिन पब्लिक रेडिओ म्हणतात.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे, कारण तो अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींमध्येही आढळतो. ‘एनपीआर’, म्हणजे नॅशनल पब्लिक रेडिओ, ही या केंद्रांची मालक नाही. ती कार्यक्रम तयार करते, केंद्रे ते पैसे मोजून घेतात आणि त्यांच्या जोडीला स्वतःच्या बातम्या, चर्चा व संगीत ठेवतात. कोणता कार्यक्रम किती वाजता लावायचा, हे मॅडिसनमध्ये ठरते.

प्रश्न : विद्यापीठाला रेडिओ काढण्याची गरज का भासली? आणि हे देशातील सर्वांत जुने केंद्र आहे, हा दावा खरा मानावा काय? (भौतिकशास्त्राचे एक प्राध्यापक, नाशिक)

उत्तर : आपल्याच विषयाच्या विभागात या केंद्राचा जन्म झाला, हे वाचून आपल्याला आनंद होईल. अर्ल टेरी नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत बिनतारी संदेशवहनाचे प्रयोग करीत होते. प्रायोगिक परवान्यावर चाललेल्या या केंद्राचे नाव होते ‘नाइन एक्सएम’. १९१६ च्या डिसेंबरपासून त्यावरून मोर्स संकेतांत रोजचा हवामान अंदाज जाऊ लागला. विस्कॉन्सिन हा दूधदुभत्याचा, शेतीचा आणि कडाक्याच्या हिवाळ्याचा प्रदेश आहे; उद्या हिमवादळ येणार की नाही, हे तेथील शेतकऱ्याला आज कळले तर जनावरे आणि माल दोन्ही वाचतात. पण मोर्स संकेत किती शेतकऱ्यांना कळणार? म्हणून आवाज पाठवण्याचा ध्यास घेतला गेला.

त्यासाठी लागणाऱ्या निर्वात नळ्या बाजारात सहज मिळत नव्हत्या, तेव्हा त्या विभागातच तयार कराव्या लागल्या. काच तापवायची, फुंकून तिला आकार द्यायचा, आत धातूचे भाग बसवायचे, पंपाने आतील हवा शक्य तितकी काढून घ्यायची आणि शेवटी तोंड वितळवून बंद करायचे. कित्येक दिवस खपून केलेली नळी विजेचा दाब देताच जळून जाई, आणि टेरी व त्यांचे विद्यार्थी पुन्हा काच तापवायला बसत. या विद्यार्थ्यांपैकी माल्कम हॅन्सन हा इतका निष्णात झाला की पुढे ॲडमिरल बर्ड यांच्या अंटार्क्टिका मोहिमेत रेडिओची जबाबदारी त्याच्याकडे आली. १९१७ साली अमेरिका महायुद्धात उतरली आणि खासगी बिनतारी केंद्रे बंद करण्याचा हुकूम निघाला. नौदलाशी प्रायोगिक संपर्क ठेवण्याच्या कामामुळे ‘नाइन एक्सएम’ला मात्र चालू राहण्याची परवानगी मिळाली. ३ जानेवारी १९२१ पासून हवामानाचा अंदाज तेथून नियमितपणे मानवी आवाजात जाऊ लागला आणि १९२२ च्या जानेवारीत केंद्राला ‘डब्ल्यूएचए’ हे आजचे नाव मिळाले.

सर्वांत जुने असल्याच्या दाव्याबद्दल सांगायचे तर, विद्यापीठाच्या आवारातील स्मृतिफलकावर तसे कोरलेले आहे खरे, परंतु पिट्सबर्गच्या ‘केडीकेए’ने २ नोव्हेंबर १९२० च्या रात्री अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल प्रसारित केले होते आणि त्याचाही मान मोठा आहे. ‘केंद्र’ कशाला म्हणायचे, नियमित प्रसारण कोठून मोजायचे, मोर्स संकेत धरायचे की केवळ आवाज, यावर उत्तर बदलते. माझ्या मते हा मान कोणाचा, यापेक्षा पिट्सबर्गचे केंद्र एका विद्युत उपकरणांच्या कंपनीने काढले होते आणि मॅडिसनचे एका शिक्षकाने, हा फरक अधिक बोलका आहे. कंपनीला रेडिओचे संच खपवायचे होते; टेरी यांना विद्यापीठातील माहिती शेताच्या बांधापर्यंत न्यायची होती.

आपल्या प्रश्नाचा पहिला भाग, म्हणजे ‘गरज का भासली’, याचे मूळ रेडिओच्याही आधीचे आहे. अमेरिकेत १८६२ च्या मॉरिल कायद्याने राज्यांना जमिनी मिळाल्या आणि त्या विकून आलेल्या पैशांतून शेती व यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये उभी राहिली किंवा आधीची विद्यापीठे विस्तारली. लोकांच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या विद्यापीठ लोकांचे देणे लागते, ही भावना त्यातून रुजली. विसाव्या शतकाच्या आरंभी विस्कॉन्सिनचे कुलगुरू चार्ल्स व्हॅन हाइस यांनी विद्यापीठाचा लाभ राज्यातील प्रत्येक कुटुंबापर्यंत पोहोचेपर्यंत आपले समाधान होणार नाही, असे जाहीरपणे म्हटले होते, आणि विद्यापीठाची सीमा म्हणजे राज्याची सीमा हे सूत्र तेथे आजही ‘विस्कॉन्सिन विचार’ या नावाने ओळखले जाते. आयोवा स्टेट, मिशिगन स्टेट, ओहायो स्टेट आणि इलिनॉय या विद्यापीठांनीही १९२२ च्या आसपास स्वतःची केंद्रे काढली, ती याच परंपरेतून. आपल्याकडे पंतनगरचे कृषी विद्यापीठ १९६० साली इलिनॉयच्याच सहकार्याने उभे राहिले आणि राहुरीचे १९६८ साली त्याच धर्तीवर; विद्यापीठातील संशोधन शेतकऱ्यांपर्यंत नेणारा विस्तार विभाग आपण उचलला, रेडिओ मात्र त्याच्याबरोबर आला नाही.

प्रश्न : दुर्गम शाळांना रेडिओवरून शिकवण्याचा प्रयोग तेथे झाला होता, असे ऐकले. मी स्वतः द्विशिक्षकी शाळेत काम करतो. केवळ आवाजावर मुले शिकतात काय? (प्राथमिक शिक्षक, अकोले तालुका)

उत्तर : झाला होता, आणि थोडाथोडका नाही, काही दशके चालला. १९३१ च्या ऑक्टोबरमध्ये ‘डब्ल्यूएचए’ने ‘विस्कॉन्सिन स्कूल ऑफ द एअर’ सुरू केले. त्या वेळी राज्यात एकाच खोलीत आठही इयत्ता भरणाऱ्या आणि एकाच शिक्षिकेच्या खांद्यावर असलेल्या शाळा हजारोंच्या संख्येने होत्या. ती शिक्षिका गणित, वाचन आणि इतिहास सांभाळी. परंतु गाणे, चित्रकला आणि निसर्ग या विषयांना न्याय देणे एकटीला अशक्य होते. केंद्राने नेमके तेच विषय हाती घेतले. संगीत एडगर गॉर्डन हे विद्यापीठातील प्राध्यापक शिकवीत आणि राज्यभरची मुले त्यांना लाडाने ‘पॉप’ म्हणत. निसर्गाचा पाठ ‘रेंजर मॅक’ या नावाने बोलणारे वेकलिन मॅकनील घेत.

आपण विचारता तशी शंका तेव्हाही अनेकांना होती. गॉर्डन यांची पद्धत पाहिली म्हणजे तिचे उत्तर मिळते. एक ओळ ते गाऊन दाखवत, मग थांबत. त्या रिकाम्या क्षणांत राज्याच्या कानाकोपऱ्यातील वर्गांमधली मुले तीच ओळ गात. गॉर्डन यांना अर्थातच काही ऐकू येत नसे, तरी ती मुले समोरच बसली आहेत असे धरून ते पुढची ओळ घेत. वर्षभर असे वेगवेगळ्या खोल्यांत शिकलेली मुले वसंत ऋतूत मॅडिसनला एकत्र जमत आणि एकमेकांना कधीही न भेटलेली हजारो बालके एका सुरात तीच गाणी गात. माध्यमाची मर्यादा ओळखून तिच्यासाठी जागा सोडणे, हे अध्यापनाचे मोठे कौशल्य आहे आणि आपल्या वर्गातही ते कामी यावे.

या पाठांचा परिणाम किती दूरवर गेला, याचे एक उदाहरण सांगतो. मॅडिसनजवळच्या ग्रामीण शाळेत हे पाठ ऐकत बिल सीमरिंग नावाचा मुलगा मोठा झाला. विद्यापीठात शिकताना त्याने ‘डब्ल्यूएचए’मध्येच काम केले आणि पुढे बफेलो येथील विद्यापीठाच्या ‘डब्ल्यूबीएफओ’ केंद्राचा तो व्यवस्थापक झाला. १९७० मध्ये एनपीआर स्थापन झाली तेव्हा तिचे ध्येयपत्र त्यानेच लिहिले, आणि तिचे पहिले कार्यक्रम संचालक म्हणून ३ मे १९७१ रोजी ‘ऑल थिंग्ज कन्सिडर्ड’ हा सायंकालीन वार्ताकार्यक्रम सुरू केला.

महाराष्ट्रातही रेडिओने शिकण्याचा एक मोलाचा प्रयोग झालेला आहे. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्रावरून सुमारे दीडशे गावांसाठी शेतकरी श्रोता मंडळे चालवली. गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि आपले प्रश्न केंद्राकडे परत पाठवायचे, अशी रचना होती. ही कल्पना कॅनडातील ग्रामीण रेडिओ मंडळांवरून घेतली होती. आपल्या तालुक्यातील जुन्या माणसांपैकी कोणाला त्या बैठका आठवत असतील, तर त्यांच्याकडून आजच लिहून घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : अमेरिकेत असताना याच रेडिओवर आठवडाभर श्रोत्यांकडे पैसे मागितले जात होते. एवढ्या मोठ्या विद्यापीठाने हात पसरावा, हे मनाला पटले नाही. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आपली भावना समजते, पहिल्यांदा ऐकताना मलाही अवघडल्यासारखे झाले होते. पण पैसे कोठून येतात ते पाहू. विद्यापीठ जागा देते, काही पगार देते. राज्य सरकार काही वाटा उचलते. उरलेला मोठा भार श्रोते आणि प्रायोजक उचलतात. जाहिराती या केंद्रांना कायद्याने मना आहेत. प्रायोजकाचे नाव आणि तो काय काम करतो एवढे सांगता येते, परंतु वस्तूची किंमत सांगता येत नाही, ‘सर्वोत्तम’ म्हणता येत नाही आणि ‘आजच या’ असे आवाहनही करता येत नाही. हा नियम मला अत्यंत शहाणपणाचा वाटतो, कारण त्यामुळे शेतीमालावरील चर्चेच्या मधोमध कोणी बियाणे विकायला येत नाही.

राहता राहिली वर्गणी. हा रेडिओ कोणालाही फुकट ऐकता येतो, आणि तरीही त्या आठवड्यात मी ऐकलेल्या फोनवरील आवाजांत एक वृद्ध शेतकरी होता, जो दरमहा थोडीशी रक्कम देतो आणि ‘गोठ्यात दूध काढताना सोबत असते’ एवढेच कारण सांगतो. आपल्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाची वर्गणी भरणाऱ्या माणसात आणि त्याच्यात मला काही फरक दिसला नाही. याला हात पसरणे म्हणू नये.

प्रश्न : मालक विद्यापीठ असेल, तर विद्यापीठाच्याच गैरकारभाराची बातमी हे केंद्र देईल काय? (पत्रकारितेची विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर : द्यायला हवी, आणि चांगली केंद्रे देतात, त्यासाठी वृत्तविभागाचे निर्णय संपादकांनीच घ्यावेत आणि विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांनी त्यांत पडू नये, असे लेखी नियम केलेले असतात. तरी ताण राहतोच, कारण पगारपत्रकावर सही विद्यापीठाची असते. त्याहून मोठा धोका मात्र वेगळा आहे. पैशांची चणचण भासली की विद्यापीठाला आपली फ्रिक्वेन्सी विकण्याजोगी मालमत्ता दिसू लागते. वर उल्लेखिलेले ‘डब्ल्यूबीएफओ’ बफेलो विद्यापीठाने २०१२ साली तेथील सार्वजनिक दूरचित्रवाणी संस्थेला विकले. ते निदान सार्वजनिक हातांतच राहिले. १९२० च्या दशकात तर शिक्षणसंस्थांना मिळालेल्या दोनशेहून अधिक परवान्यांपैकी बहुतेक व्यापारी केंद्रांकडे गेले किंवा बंद पडले आणि १९३७ पर्यंत चाळीससुद्धा उरले नव्हते. त्या अनुभवातूनच १९४५ साली एफएम पट्ट्याचा ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ हा भाग बिगरव्यापारी केंद्रांसाठी राखून ठेवण्यात आला. अमेरिकेत मोटारीतील रेडिओची सुई डाव्या टोकाला नेली की अशी केंद्रे सापडतात, ती यामुळे.

प्रश्न : पुण्यात विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ आहे. मग विस्कॉन्सिनसारखे काम ती का करू शकत नाही? (एक वाचक, पुणे)

उत्तर : तुलना करण्याआधी दोन्ही ठिकाणचे नियम पाहिले पाहिजेत, नाहीतर आपल्याकडील कष्टाळू मंडळींवर अन्याय होईल. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली बंगाल क्रिकेट संघटनेच्या खटल्यात सांगितले. त्या पीठावर न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते आणि मुख्य निकालपत्र त्यांचेच आहे. त्यानंतरही शिक्षणसंस्थांना केंद्र काढू देणारे धोरण यायला २००२ चा डिसेंबर उजाडला. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र २००४ च्या फेब्रुवारीत सुरू झाले, ते या धोरणाखालील पहिले. २००६ साली स्वयंसेवी संस्थांनाही परवानगी मिळाली.

परंतु या सामुदायिक केंद्रांच्या प्रक्षेपणाची शक्ती साधारण १०० वॅटपर्यंत मर्यादित असते. म्हणजे आवाज दहा-पंधरा किलोमीटर जातो. पुण्याच्या विद्यापीठाच्या कक्षेत नगर आणि नाशिक जिल्हे येतात, पण तेथील विद्यार्थ्याला आपल्या विद्यापीठाचे केंद्र रेडिओवर लागत नाही. दुसरी मर्यादा मला अधिक खुपते. या केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई आहे. आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी लावता येतात. पाणी कपातीचे वेळापत्रक, परीक्षांच्या तारखा, बाजारभाव, हवामान असली माहिती देता येते, परंतु धरणाचे पाणी कोणाला सोडले आणि का, हे आपल्या वार्ताहराला विचारायला पाठवून ऐकवता येत नाही. ज्या विद्यापीठात वृत्तविद्येचा विभाग आहे, त्याच विद्यापीठाच्या केंद्राने बातमी देऊ नये, ही गोष्ट बदलली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : अमेरिकेतील सार्वजनिक रेडिओचा सरकारी निधी बंद झाला, हे खरे आहे काय? (एक वाचक, पणजी)

उत्तर : खरे आहे. १९६७ च्या सार्वजनिक प्रसारण कायद्याने एक महामंडळ स्थापन झाले आणि केंद्र सरकारचा निधी त्याच्यामार्फत केंद्रांना मिळू लागला. मुळात तो विचार केवळ दूरचित्रवाणीपुरता होता. विद्यापीठीय रेडिओतील लोकांनी वॉशिंग्टनमध्ये खेटे घालून मसुद्यात ‘आणि रेडिओ’ हे शब्द घालून घेतले, म्हणून ही केंद्रे त्यात आली. जुलै २०२५ मध्ये अमेरिकी संसदेने आधीच मंजूर केलेले सुमारे १.१ अब्ज डॉलर मागे घेतले आणि ऑगस्टच्या आरंभी त्या महामंडळाने आपले काम आवरत असल्याचे जाहीर केले. मोठ्या शहरांतील केंद्रे वर्गणीदारांच्या बळावर तग धरतील, परंतु विरळ वस्तीच्या भागातील केंद्रांच्या अंदाजपत्रकात या निधीचा वाटा कितीतरी मोठा असतो, आणि नेमक्या त्याच भागात स्थानिक वृत्तपत्रेही बंद पडत आली आहेत. हिमवादळात वीज गेल्यावर बॅटरीवरच्या रेडिओवर रस्ता बंद असल्याचे कोण सांगणार, ही चिंता त्या लोकांना लागली आहे.

प्रश्न : हे केंद्र मला कोल्हापुरात ऐकता येईल काय? (एक वाचक)

उत्तर : मोबाइल अ‍ॅपवर सहज ऐकता येईल. मॅडिसनचे घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा तास मागे असते. म्हणून तेथील सकाळची बातमीपत्रे ऐकायची असतील तर आपल्या संध्याकाळी, पाच ते सातच्या सुमारास लावावे. शक्यतो जानेवारीत ऐकावे आणि बातम्या संपल्या तरी लगेच बंद करू नये. त्यानंतर निवेदक राज्याच्या एकेका भागाचे नाव घेऊन हवामान सांगतो : सुपीरियर सरोवराच्या काठी किती हिम पडेल, पारा शून्याखाली किती उतरेल, वारा कोणत्या दिशेचा असेल. १९१६ च्या हिवाळ्यात टेरी यांच्या प्रयोगशाळेतून टिकटिकत जात होता, तो हाच अंदाज.